घरातील पाळीव कासवे : ऋतुमानानुसार प्रकाश आणि तापमान

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दिल्ली, लखनौ, चंडीगढ यांसारख्या शहरांतील घरांत पाळलेली पाण्यातील कासवे खाणे सोडतात आणि डोळे मिटून टाकीच्या तळाशी पडून राहतात. घरातील मंडळी त्याला शीतनिद्रा समजतात व निश्चिंत होतात. पुष्कळदा ती निद्रा नसतेच. अन्न पचविण्यासाठी आणि रोगाचा प्रतिकार करण्यासाठी लागणारी उष्णता न मिळाल्यामुळे आलेली ती ग्लानी असते. फेब्रुवारीत ऊन वाढू लागते, थंडीतून प्राणी सुखरूप बाहेर पडला असे वाटू लागते आणि नेमक्या त्याच सुमारास तो दगावतो. महाराष्ट्रात व गोव्यात थंडी इतकी कडक नसली तरी तेथील अडचणी निराळ्या आहेत. कोकणात चार महिने सूर्यदर्शन दुर्मीळ असते, तर विदर्भात मे महिन्यात गच्चीवर ठेवलेले पाणी कढत होते. बंदिस्त घरात राहणाऱ्या कासवाला वर्षभर कोणत्या ऋतूत किती प्रकाश आणि किती उष्णता द्यावी, याची माहिती येथे देत आहोत.

कोणते कासव?

भारतीय घरांत सर्वाधिक आढळणारे पाळीव कासव मुळात भारतीय नाही. डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा असलेले हे कासव ‘रेड इअर्ड स्लायडर’ या नावाने विकले जाते. अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे, तेथून मेक्सिकोच्या आखातापर्यंतचा प्रदेश आणि मेक्सिकोचा ईशान्य भाग हे त्याचे मूळ घर होय. दुकानात ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे, हिरवेगार आणि गोजिरवाणे दिसते. पूर्ण वाढलेली मादी मात्र पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांबीची होते आणि चांगली निगा राखल्यास हा प्राणी वीस-तीस वर्षे जगतो. घेताना ही गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही. पुढील सर्व आकडे याच कासवासाठी आहेत.

देशी कासवांची गोष्ट वेगळी आहे. बाजारात ‘स्टार’ म्हणून ओळखले जाणारे, पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले जमिनीवरचे कासव, तसेच तळ्या-ओढ्यांत सापडणारी मऊ पाठीची किंवा कौलारू पाठीची कासवे घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा आहे. या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड, अशी शिक्षेची तरतूद आहे. त्याच दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या परदेशी जातींसाठी स्वतंत्र चौथी अनुसूची केली असून तिच्यातील जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये लागू झाले. आपल्याकडील प्राणी त्या यादीत येतो किंवा कसे, हे जवळच्या वन विभागाच्या कार्यालयात विचारून घेणे श्रेयस्कर. देशी कासव घरात असल्यास त्याच्यासाठी दिवे विकत घेण्याऐवजी वन विभागाला कळवावे. घरात कासव असणे शुभ असते, या समजुतीने प्राणी आणणाऱ्यांनी मंदिराच्या सभामंडपातील कासव दगडाचे असते एवढे ध्यानात घेतले तरी पुष्कळ जीव वाचतील.

येथे भाषेचाही एक घोटाळा नमूद केला पाहिजे. इंग्रजीत पाण्यात राहणाऱ्या आणि जमिनीवर राहणाऱ्या कासवांना निरनिराळी नावे आहेत. मराठीत दोन्हींना ‘कासव’ हाच शब्द आहे. परिणामी युरोपातील जमिनीवरच्या कासवांना हिवाळ्यात पेटीत घालून निजविण्याची पद्धत भाषांतरातून आपल्याकडे येते आणि ती पाण्यातल्या स्लायडरला लावली जाते. अमेरिकी पुस्तिकांतून उचललेले तापमानाचे आकडे फॅरनहाइटमध्ये असतात, हा दुसरा घोटाळा. तेथील ८५ अंश म्हणजे आपले साधारण साडेएकोणतीस अंश सेल्सिअस. या लेखातील सर्व आकडे सेल्सिअसमध्ये आहेत.

उष्णतेची गरज

कासव थंड रक्ताचा प्राणी आहे असे आपण शाळेत शिकतो. याचा खरा अर्थ असा की त्याचे शरीर स्वतःची उष्णता राखू शकत नाही. ती त्याला बाहेरून मिळवावी लागते. जठरातील पाचक रसांचे काम, रोगप्रतिकार, वाढ, जखम भरून येणे या सर्व क्रिया शरीराच्या तापमानावर अवलंबून असतात. निसर्गात हे कासव लाकडाच्या ओंडक्यावर चढून उन्हात शेकते, अंग तापले की पाण्यात उतरते आणि गार वाटले की पुन्हा वर येते. दिवसभरातील या चढ-उतारांनी ते आपले तापमान हवे तसे राखते. म्हणून घरातील टाकीत एकच एक तापमान असून चालत नाही. पाणी कोमट आणि शेकण्याची कोरडी जागा त्याहून बरीच उष्ण, असा फरक असावा लागतो.

पूर्ण वाढलेल्या निरोगी स्लायडरसाठी पाणी २३ ते २५ अंश आणि एक वर्षाच्या आतील पिलांसाठी २६ ते २८ अंश ठेवावे. आजारी प्राण्यालाही पिलाप्रमाणेच थोडे अधिक उष्ण पाणी मानवते. शेकण्याच्या जागेचे तापमान ३० ते ३३ अंश असावे. ते मोजताना तापमापी टाकीच्या भिंतीवर न चिकटवता, कासवाची पाठ जेथे येते त्या उंचीवर धरावी. बाजारातील चिकटपट्टीच्या तापमापींवर भिस्त ठेवू नये. दोन साधे अंकदर्शक तापमापी, एक पाण्यासाठी व एक शेकण्याच्या जागेसाठी, पुरेसे होतात. पाऱ्याचा तापमापी टाकीजवळ आणू नये. तो फुटल्यास पारा पाण्यात जातो.

शेकण्याच्या जागेसाठी पूर्वी साठ वॅटचा साधा तारेचा दिवा लावला की काम भागत असे. तो दिवा विजेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया घालवी आणि कासवाला नेमकी ती ‘वाया’ जाणारी उष्णताच हवी असे. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या उजाला योजनेतून एलईडी दिव्यांचे वितरण सुरू झाले आणि घरोघरचे पिवळे दिवे गेले. विजेच्या बचतीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु टाकीवरचा दिवाही त्याच ओघात बदलला गेला तर कासवाची शेकोटी विझते. उजेड पूर्वीहून लख्ख दिसत असल्यामुळे घरच्यांच्या हे लक्षातही येत नाही. टाकीवर उष्णता देणारा हॅलोजन किंवा तारेचाच दिवा असावा. तो शेकण्याच्या जागेपासून २० ते ३० सेंटिमीटर उंचीवर, कासवाची मान कितीही ताणली तरी पोहोचणार नाही असा, घट्ट बसवावा.

शेकण्याची जागा पाण्याच्या पूर्ण वर, कोरडी आणि चढायला सोपी असावी. अर्धवट ओली वीट उपयोगाची नाही. कासवाचे पोट ओले राहिल्यास कवचाला बुरशी धरते.

अतिनील किरण आणि खिडकीची काच

उष्णतेइतकीच, परंतु अधिक दुर्लक्षित अशी गरज अतिनील किरणांची आहे. सूर्यप्रकाशातील साधारण २९० ते ३२० नॅनोमीटर तरंगलांबीचे ‘अतिनील-बी’ किरण त्वचेवर पडले की शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होते. त्याखेरीज अन्नातील कॅल्शियम आतड्यातून पुरेसे शोषले जात नाही. हे किरण न मिळालेल्या कासवाचे शरीर कॅल्शियमची भरपाई स्वतःच्या हाडांतून करू लागते. कवच मऊ पडते, कडा वर वळतात, पाठीला उंचवटे येतात, पाय वाकतात. वाढत्या पिलात ही विकृती काही महिन्यांत दिसू लागते आणि एकदा वेडेवाकडे झालेले कवच पुढे उपचारांनीही पूर्ववत होत नाही. पाण्यात समुद्रफेनाचा तुकडा टाकून ठेवणे चांगले. कासव तो कुरतडते आणि कॅल्शियम मिळते. परंतु ड-३ नसेल तर ते कॅल्शियम निरुपयोगी ठरते.

येथे सर्वांत मोठी चूक होते ती खिडकीच्या काचेपाशी. टाकीवर ऊन पडते, काच गरम होते, कासव उन्हात बसलेले दिसते; परंतु घरांच्या खिडक्यांना असणारी साधी काच अतिनील-बी किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. आत येते ते तेज आणि उष्णता. म्हणजे लाभ काही नाही आणि टाकी तापण्याचा धोका मात्र पुरेपूर. घरातील ट्यूबलाइट, सीएफएल व एलईडी यांतूनही कासवाच्या उपयोगाचे अतिनील-बी किरण मिळत नाहीत.

त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांकरिता बनविलेली खास अतिनील नळी मिळते. ती शेकण्याच्या जागेवरच, उष्णतेच्या दिव्याच्या शेजारी लावावी, म्हणजे कासव शेकत असताना दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळतात. मध्ये काच किंवा प्लॅस्टिकचे झाकण नसावे. नळीचे अंतर तिच्या क्षमतेनुसार बदलते, म्हणून वेष्टनावरील सूचना पाळाव्यात. फार जवळ लावल्यास डोळ्यांना इजा होते. आणखी एक गोष्ट. अशा नळीचा उजेड दोन-तीन वर्षे टिकतो, पण अतिनील किरणांचे प्रमाण त्याआधीच घटते. साध्या नळ्या सहा महिन्यांनी आणि चांगल्या प्रतीच्या नळ्या सुमारे वर्षाने बदलाव्यात. नळी पेटते आहे म्हणून ती चालू आहे असे समजू नये. बसविल्याची तारीख नळीच्या टोकाला चिकटपट्टीवर लिहून ठेवणे हा साधा व उत्तम उपाय आहे.

कोवळे ऊन आणि सावलीची लांबी

आपल्या देशात ऊन विकत घ्यावे लागत नाही, मग नळी कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. थेट सूर्यप्रकाशाची सर कोणत्याही दिव्याला नाही, हे खरेच. मात्र सकाळचे कोवळे ऊन सर्वांत गुणकारी, ही समजूत येथे लागू पडत नाही. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना वातावरणाचा जाड थर पार करावा लागतो आणि अतिनील-बी किरण त्यातच विरतात. सूर्य जितका वर तितके हे किरण अधिक. अजमावण्याची सोपी पद्धत अशी : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर किरण भरपूर आहेत, सावली उंचीच्या दुप्पट असेल तर ते नगण्य आहेत.

या कसोटीवर दिल्ली आणि मुंबई यांतील भेद स्पष्ट होतो. २२ डिसेंबरच्या सुमारास मुंबईत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसत्तेचाळीस अंश वर असतो आणि मीटरभर उंचीच्या काठीची सावली मीटरपेक्षा किंचित कमी पडते. दिल्लीत त्याच दिवशी सूर्य अडतीस अंशांच्या वर चढत नाही. तीच सावली सव्वा मीटरहून लांब असते. धुके आणि धुरके यांची भर पडली की दिल्लीच्या हिवाळ्यात भरदुपारीही कासवाच्या वाट्याला फारसे काही येत नाही. मुंबई, पुणे, नाशिक, पणजी येथे हिवाळ्यात अकरा ते दोनच्या दरम्यान आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धा अर्धा तास उन्हात ठेवल्यास पुष्कळ लाभ होतो. उन्हाळ्यात हीच वेळ घातक ठरते. तेव्हा नऊ-साडेनऊच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटे पुरेत.

उन्हात ठेवताना काचेची टाकी कधीही वापरू नये. बंद गाडीप्रमाणे ती काही मिनिटांत तापते. पसरट टबात कासवाची पाठ बुडेल इतके पाणी, शेकायला दगड आणि निम्म्या टबावर फळी टाकून केलेली सावली असावी. जवळ माणूस बसलेला असावा. कावळे, घारी आणि मांजरे यांना लहान कासव सहज उचलता येते. आणि कासव संथ असते या म्हणीतल्या गृहीतकावर विसंबून टब सोडून जाणाऱ्याला ते पलंगाखाली किंवा गटारात सापडते, किंवा सापडतही नाही.

दिवसाची लांबी

प्रकाश किती वेळ द्यावा, हे त्या-त्या ठिकाणच्या अक्षांशावर सोपविणे इष्ट नाही. तिरुअनंतपुरमला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत तासाभराचाच फरक असतो. मुंबईत तो सव्वादोन तासांच्या आसपास, तर दिल्लीत साडेतीन तासांहून अधिक असतो. स्लायडरचे मूळ प्रदेश बरेचसे दिल्लीच्या अक्षांशावर किंवा त्याच्या उत्तरेस आहेत. म्हणून घरातील दिव्यांचा कालावधी मे ते जुलै साधारण साडेतेरा ते चौदा तास आणि डिसेंबर-जानेवारीत दहा ते साडेदहा तास ठेवावा. मधला बदल आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी, हळूहळू करावा. स्वयंचलित घड्याळी स्विच लावल्यास रोजची कटकट वाचते आणि नियमितपणाही राहतो. हिवाळ्यात कमी करायचा तो काळ. उष्णता कमी करायची नाही. प्रकाशाचे तास घटल्याने कासवाची भूक थोडी मंदावते व ते स्वाभाविक आहे.

रात्री अंधार हवा. दिवाणखान्यात टाकी असेल आणि मध्यरात्रीपर्यंत दूरचित्रवाणी व दिवे चालू असतील, तर कासवाला वर्षभर एकच लांबलचक दिवस भोगावा लागतो. रात्रीसाठी म्हणून विकला जाणारा लाल दिवाही अंधाराची जागा घेत नाही, कारण कासवांना लाल रंग उत्तम दिसतो. थंड प्रदेशात रात्री खोली तापवणे भागच असेल तर उजेड न देणारा चिनी मातीचा उष्णक वापरावा.

हिवाळा

खोलीचे तापमान २० अंशांच्या खाली उतरू लागले की पाण्यात बुडणारा, तापमान आपोआप राखणारा हीटर लागतो. शंभर लिटर पाणी खोलीपेक्षा दहा-अकरा अंश अधिक उबदार ठेवायचे तर दीडशे ते दोनशे वॅटचा हीटर हवा. कासव दणकट असते, त्याच्या धक्क्याने काचेचा हीटर फुटतो; म्हणून जाळीदार आवरण घालावे. आंघोळीचे पाणी तापविण्याचा रॉड टाकीत घालणे म्हणजे प्राण्याचा आणि माणसाचाही जीव धोक्यात घालणे होय. विजेची सर्व जोडणी गळती-संरक्षक स्विचवरून घ्यावी. वायर प्लगच्या खालून वळसा घेऊन वर यावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी प्लगात शिरत नाही. पाणी बदलताना हीटर आधी बंद करून निवू द्यावा.

केवळ पाणी उबदार करूनही भागत नाही, हा मुद्दा उत्तर भारतात विशेष महत्त्वाचा आहे. पाणी २५ अंश आणि खोलीतील हवा १२ अंश अशी स्थिती असेल तर श्वासासाठी वर येणारे कासव प्रत्येक वेळी थंडगार हवा आत घेते आणि त्याच्या फुप्फुसांना संसर्ग होण्याचा धोका वाढतो. पाण्यावरील हवा पाण्याइतकी तरी उबदार असावी. त्यासाठी टाकीचा बराचसा भाग झाकावा, मात्र हवेला वाट ठेवावी आणि दिव्यांपासून झाकण दूर राहील हे पाहावे. टाकी बाहेरच्या भिंतीपासून व दारापासून हलवावी, तिच्या तीन बाजूंना थर्माकोल लावावा. उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीत ठेवलेल्या कासवालाही हीच बाधा होते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथे दिवसा उबदार आणि रात्री गारठा असे असते. दुपारच्या उबेवरून पाण्याचा अंदाज बांधू नये. पहाटे सहा वाजता तापमापी पाहावा. मुंबईत व गोव्यात प्रौढ कासवाला हिवाळ्यातील थोड्याच रात्री हीटर लागतो, पिलाला मात्र अधिक दिवस लागतो.

शीतनिद्रेचा प्रश्न

मूळ प्रदेशात हे कासव हिवाळ्यात तळ्याच्या तळाशी मंदावून राहते, ही गोष्ट खरी आहे. तेथे पाणी दहा अंशांच्या खाली जाते आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहते; प्राणी त्याआधी भरपूर खाऊन, मग उपाशी राहून, आतडी रिकामी करून त्या अवस्थेत जातो. भारतीय घरात यांपैकी काहीच घडत नाही. दिल्लीच्या खोलीतील पाणी रात्री १२ आणि दुपारी १८ अंश असे हेलकावत राहते. सर्वांत धोक्याचा पट्टा नेमका हाच होय. शरीर पूर्ण मंदावण्याइतके थंड नसते, त्यामुळे साठवलेली चरबी खर्च होत राहते. आणि पचन चालण्याइतके उबदारही नसते, त्यामुळे आत गेलेले अन्न पोटात कुजते. दुपारी कासव जरासे हलले की माया करणारे हात त्याला दाणे टाकतात. ते दाणेच पुढे त्याचा घात करतात. पाणी २० अंशांच्या खाली असेपर्यंत खाऊ घालू नये, आधी पाणी उबदार करावे, हा नियम कटाक्षाने पाळावा. शीतनिद्रेविना घरातील कासवाचे काहीही बिघडत नाही. हौस म्हणून तिचा प्रयोग करू नये.

डिसेंबरात खाणे कमी झाले तर ते ऋतुमानाने की आजाराने, हे ओळखण्यासाठी स्वयंपाकघरातील वजनकाट्याचा उपयोग होतो (काटा वेगळा ठेवावा). दर आठवड्याला वजन करून वहीत लिहावे. वजन स्थिर असेल, तापमान योग्य असेल आणि कासव नियमित शेकत असेल तर चिंता नको. वजन दहा टक्क्यांनी घटले तर पशुवैद्यक गाठावा. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून मान उंचावून श्वास घेणे, पाण्यात एका कुशीवर कलून तरंगणे, ही फुप्फुसदाहाची लक्षणे आहेत. अशा वेळी एक दिवसही थांबू नये. दवाखान्यात नेताना पाण्यातून नेऊ नये. ओलसर कापडात गुंडाळून, उबदार खोक्यात न्यावे.

पावसाळा आणि उन्हाळा

परदेशी पुस्तिकांत पावसाळ्याचे प्रकरण नसते. आपल्याकडे ते स्वतंत्र लिहिले पाहिजे. कोकण, गोवा आणि केरळ येथे जून ते सप्टेंबर आकाश भरलेले असते. ढगांतून काही अतिनील किरण येतात, पण उन्हात शेकणे घडत नाही आणि शेकल्याविना अंग व कवच कोरडे होत नाही. अतिनील नळी वर्षात एकदाच बदलायची असेल तर ती मे महिन्याच्या अखेरीस बदलावी. म्हणजे जेव्हा ऊन नाही तेव्हा ती सर्वांत सक्षम असते. दमट हवेत कवचावर बुरशीचे पांढरे डाग किंवा दुर्गंधी येते का, हे आठवड्यातून एकदा पाठपोट तपासून पाहावे.

उन्हाळ्यातील हानी झपाट्याने होते. नागपूर, चंद्रपूर, अकोला येथे मेमध्ये पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. गच्चीतील लहान टबातले पाणी दुपारपर्यंत ३८-४० अंशांवर पोहोचते आणि कासवाला त्यातून निसटायला जागा नसेल तर ते तासाभरात मरते. थंडीने कासव महिन्याने मरते, उष्णतेने दुपारी. घरात माणूस नसतानाची वेळ हीच असते. पाणी ३० अंशांच्या वर जाऊ लागताच उष्णतेचा दिवा बंद करावा, अतिनील नळी मात्र चालू ठेवावी. टाकी घरातील सर्वांत गार, तळमजल्याच्या खोलीत हलवावी आणि पाणी वाढवावे. जास्त पाणी हळू तापते. तापलेल्या टाकीत एकदम बर्फ टाकू नये. पिशवीत बांधलेला बर्फ एका कोपऱ्यात ठेवावा किंवा थोडे थोडे पाणी बदलावे. वाळ्याच्या कूलरचा झोत थेट टाकीवर नसावा.

वीज गेल्यास

भारनियमनाची सवय असलेल्यांना हे सांगायला नको, पण दोनशे वॅटचा हीटर घरगुती इन्व्हर्टरवर फार वेळ चालत नाही. मोठ्या टाकीतील पाणी तासाला फार निवत नाही. टाकीवर घोंगडी पांघरली तर चार-पाच तास सहज निभावते. लांब खंड पडला तर गरम पाण्याच्या घट्ट बुचाच्या बाटल्या पाण्यात सोडाव्यात. वीज परत आल्यावर हीटर बाहेर पडलेला, पाण्याविना कोरडा नाही, हे आधी पाहावे.

तळ्यात सोडणे

काही वर्षांत कासव ताटाएवढे होते, टाकी अपुरी पडते, विजेचे बिल वाढते आणि मग एखाद्या रविवारी ते जवळच्या तळ्यात ‘मुक्त’ केले जाते. हे कासव जगातील शंभर सर्वाधिक उपद्रवी परकीय जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात थांबविली. भारतात २०१८ मध्ये गुवाहाटीतील उग्रतारा मंदिराच्या तळ्यात ते आढळले. केरळमध्ये त्रिशूर परिसरातील पाण्यातही त्याची नोंद झाली असून केरळ वन संशोधन संस्थेने ती पाण्यात न सोडण्याचे आवाहन नागरिकांना केले. हिवाळा सौम्य असलेल्या आपल्या नद्या-तळ्यांत ते सहज तग धरते आणि अन्न व शेकण्याच्या जागा देशी कासवांकडून हिरावून घेते. घरी जी ऊब देणे जड जाते ती बाहेर त्याला फुकट मिळते.

सांभाळणे अशक्य झाल्यास वन विभाग, प्राणिसंग्रहालय किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्यक यांच्यामार्फत दुसरे घर शोधावे. ते मिळेपर्यंत दिवे आणि हीटर बंद करू नयेत. कासव हाताळल्यावर, तसेच टाकीचे पाणी बदलल्यावर साबणाने हात धुवावेत. दिसायला निरोगी असलेल्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची पाळण्यासाठी विक्री करण्यास बंदी आहे. टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत न ओतता शौचालयात ओतावे, आणि पाच वर्षांखालील मुलांना कासव हाताळू देऊ नये.